गिरमिट, अथवा लिहिलेलें वाचतां येण्याची गोष्ट

दानीएलाच्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांतील बेलशस्सर राजाच्या मेजवानीची कथा आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. भर मेजवानींत राजवाड्याच्या भिंतीवर अक्षरें उमटलीं. तीं राजानें पाहिलीं, सरदारांनीं पाहिलीं, दरबारच्या ज्ञानी लोकांनींही पाहिलीं; परंतु एकासही तीं वाचतां येईनात. अक्षरें लपविलेलीं नव्हतीं कीं पुसटही नव्हतीं. दिव्याच्या उजेडांत तीं सर्वांच्या डोळ्यांपुढें होतीं. उणीव होती ती वाचणाऱ्याची.

प्रस्तुत लेखांत अशाच एका अडचणीचा आणि ती दूर करणाऱ्या एका लहानशा साधनाचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे. साधन संगणकाचें आहे. त्याचें नांव ‘ऑगर’. ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सुताराचें गिरमिट. फळी न फोडतां, पेटी न मोडतां, नेमक्या जागीं आंतपर्यंत भोंक पाडणें हें गिरमिटाचें काम होय. संगणकाच्या मोठ्या भांडारांत सांकेतिक रूपानें ठेविलेली एखादी नोंद, भांडारास धक्का न लावतां, माणसास वाचतां येईल अशा रूपांत बाहेर काढणें हें ह्या ऑगराचें काम आहे.

ह्या विषयाकडे माझें लक्ष कसें गेलें तें आधीं सांगतों, म्हणजे विषयाचें मर्म लवकर ध्यानांत येईल. आपल्या वार्षिकाच्या एका जुन्या अंकाच्या छापील प्रती वाळवीनें खाल्ल्या. त्या अंकांत आपल्या एका दिवंगत शिक्षकांनीं सेवानिवृत्तीच्या वेळीं लिहिलेला लेख होता, व त्यांच्या कन्येनें गेल्या वर्षीं पत्र पाठवून त्याची प्रत मागितली. छापखान्यानें त्या वेळीं दिलेली तबकडी कपाटांत सुरक्षित होती. ती संगणकांत घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम, कंस व टक्क्यांचीं चिन्हें ह्यांची निव्वळ खिचडी दिसली! एकही अक्षर नष्ट झालेलें नव्हतें, आणि एकही अक्षर वाचतां येत नव्हतें. त्या बाईंस काय कळवावें हें मला सुचेना. “लेख आहे, परंतु वाचतां येत नाहीं,” असें उत्तर लिहिणें मोठें चमत्कारिक वाटलें.

कारण शोधतां असें कळलें कीं, पूर्वी संगणकावर मराठी छपाई करतांना टंकांच्या निरनिराळ्या मांडण्या प्रचारांत होत्या. यंत्राच्या दृष्टीनें फाइलींत रोमन अक्षरच असे. त्या जागीं देवनागरी आकृति काढून दाखविण्याचें काम तो विशिष्ट टंक करी. टंक गेला कीं देवनागरीही गेली. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ह्या संकेतानें प्रत्येक लिपींतील प्रत्येक अक्षरास कायमचा क्रमांक नेमून दिला. उदाहरणार्थ, आपल्या ‘श’ चा क्रमांक २३५८. त्यामुळें ही अडचण पुढें टळली. परंतु तत्पूर्वीच्या मांडणींत लिहिलेल्या फाइली जशाच्या तशा राहिल्या.

नाताळच्या सुटींत आपला एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. तो पुण्यास एका संगणक-कचेरींत आहे. मीं त्यास ती खिचडी दाखविली. तो म्हणाला, “सर, आमच्या कचेरींतही असेंच लिखाण नेहमीं समोर येतें. मात्र तें वाचण्याचें गिरमिट आमच्यापाशीं असतें.” मग त्यानें आपला लहान संगणक उघडून जें दाखविलें तें मी पुढें यथामति सांगत आहें. तबकडीचें काय झालें तें शेवटीं येईलच.

भांडार कसलें?

रेल्वेचें तिकीट, पेढीचा व्यवहार, परीक्षेचा निकाल असलीं कामें आज एका संगणकावर भागत नाहींत. शेंकडों यंत्रें एकदम राबत असतात. कोणतें काम कोणत्या यंत्रावर चालावें, एखादें यंत्र बंद पडल्यास त्याचें काम कोणाकडे द्यावें, हें ठरविण्यास एक सूत्रधार लागतो. अशा सूत्रधारांपैकीं एक प्रसिद्ध प्रोग्रॅम म्हणजे ‘क्युबरनेटीस’. गूगल कंपनीनें तो २०१४ सालीं सर्वांसाठीं खुला केला. हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ तांडेल, म्हणजे गलबताचें सुकाणूं धरणारा. नव्या कराराच्या मूळ ग्रीक ग्रंथांत, प्रेषितांचीं कृत्यें ह्या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायांतील ११ व्या वचनांत हाच शब्द आला आहे. पौलाच्या इशाऱ्यापेक्षां शताधिपतीनें ज्याच्या बोलण्यावर अधिक भरंवसा ठेविला तोच हा तांडेल.

तांडेल कितीही कुशल असला तरी त्यास नोंदवही पाहिजे. क्युबरनेटीसची नोंदवही म्हणजे ‘एटसीडी’ नांवाचें भांडार. तें २०१३ सालीं कोअर-ओएस ह्या कंपनींत तयार झालें. युनिक्स पद्धतीच्या संगणकांत यंत्राच्या व्यवस्थेचे कागद ‘एटसी’ नांवाच्या कप्प्यांत ठेवितात. त्यापुढें ‘डी’ हें इंग्रजींतील ‘वितरित’ ह्या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर लावून हें नांव झालें. वितरित म्हणण्याचें कारण हें कीं, ही वही एका यंत्रावर नसते. तिच्या संपूर्ण प्रती बहुधा तीन किंवा पांच यंत्रांवर असतात. नवी नोंद झाली कीं ती निम्म्याहून अधिक यंत्रांनीं लिहून घेतल्यावरच पक्की समजावयाची, असा नियम आहे.

येथें थोडें गणित आहे. यंत्रें तीन असल्यास बहुमत दोघांचें. म्हणून एक बंद पडलें तरी चालतें. पांच असल्यास बहुमत तिघांचें. म्हणून दोन बंद पडलीं तरी चालतें. आतां चार असल्यास काय? बहुमतास तीन लागतात, म्हणजे एकच बंद पडलेलें चालतें. चौथ्या यंत्राचा खर्च होऊन ह्या बाबतींत लाभ कांहींच नाहीं! म्हणून यंत्रांची संख्या विषम ठेवितात. हें एकमत घडवून आणण्याची रीत ‘राफ्ट’, म्हणजे तराफा, ह्या नांवानें ओळखली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डिएगो ओंगारो व जॉन औस्टरहाउट ह्यांनीं २०१४ सालीं ती एका निबंधांत मांडिली. शिकणाऱ्यास सहज समजावी हाही त्यांचा एक हेतु होता, ही गोष्ट शिक्षक ह्या नात्यानें मला विशेष आवडली.

लिहिण्याची रीत

भांडारांतील प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात: पत्ता आणि मजकूर. पत्ता साध्या अक्षरांत असतो. प्रथम ‘रजिस्ट्री’, मग नोंदीचा वर्ग, मग विभाग, मग नांव, असा तो पत्रावरील पत्त्यासारखाच, परंतु मोठ्याकडून लहानाकडे, लिहिलेला असतो. अडचण आहे ती मजकुराची.

आरंभीं हा मजकूरही वाचतां येण्यासारखा असे. परंतु त्यांत प्रत्येक वेळीं ‘नांव अमुक, वर्ग अमुक, वेळ अमुक’ असें शीर्षकासह लिहावें लागे. नोंदी लाखांनीं वाढूं लागल्या कीं एवढी पुनरुक्ति जड होते. म्हणून २०१७ सालच्या १.६ व्या आवृत्तीपासून क्युबरनेटीसनें आपल्या मूळच्या नोंदी ‘प्रोटोकॉल बफर्स’ ह्या आटोपशीर संकेतानें लिहिण्याची रीत सर्वसाधारण म्हणून स्वीकारली. हा संकेत गूगलनेंच २००८ सालीं जगास खुला केला होता.

त्याची युक्ति आपल्या शाळेच्या गुणपत्रकावरून समजेल. गुणपत्रकाच्या माथ्यावर मराठी, इंग्रजी, गणित, इतिहास अशीं शीर्षकें एकदांच छापिलेलीं असतात. खालीं प्रत्येक मुलापुढें फक्त आंकडे. ह्यामुळें श्रम वांचतात व कागद वांचतो. परंतु माथ्याची पट्टी फाटून गेली तर? ६२, ४५, ३८ हे आंकडे राहतील. ४५ गुण गणिताचे कीं इतिहासाचे, हें कोण सांगणार? आपल्या पूर्वजांच्या मोडी लिखाणांतही असाच कांहींसा प्रकार होता. ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नसत, शब्द तोडून लिहीत नसत; कारण वाचणारा कारकून जाणता असे. लिहिणाऱ्याचा वेळ वांचला. मात्र तो जाणता कारकून गेल्यावर दप्तरें मुकीं झालीं. तात्पर्य, आटोपशीर लिखाणांत जें गाळलेलें असतें तें कोठेंतरी, कोणापाशीं तरी, शिल्लक असावेंच लागतें.

आतां प्रत्यक्ष नमुना पाहूं. संगणक सर्व कांहीं ‘बाइट’ ह्या मापानें लिहितो. एक बाइट म्हणजे ० पासून २५५ पर्यंतची एक संख्या. भांडारांतील एका नोंदीचा मजकूर पुढील पंधरा बाइटांनीं सुरू होतो:

१०७ ५६ ११५ ० १० ९ १० २ ११८ ४९ १८ ३ ८० १११ १००

पहिल्या चार संख्या हा शिक्का आहे. १०७ म्हणजे रोमन लिपींतील ‘के’, ५६ म्हणजे ८ हा आंकडा, ११५ म्हणजे ‘एस’, त्यापुढें शून्य. क्युबरनेटीसच्या रोमन नांवांत पहिलें अक्षर ‘के’, शेवटलें ‘एस’ आणि मध्यें आठ अक्षरें आहेत; म्हणून ‘के-आठ-एस’ हें त्याचें संक्षिप्त रूप झालें आहे. सरकारी कागदावरील मोहोरेप्रमाणें ही मोहोर पाहिली कीं लिखाण कोणाचें तें कळतें.

पुढें १० आहे. त्यास ८ नें भागावें. भागाकार १, बाकी २. भागाकार हा रकान्याचा क्रमांक आणि बाकी हा मजकुराचा प्रकार. बाकी ० असल्यास पुढें एक संख्या येते. बाकी २ असल्यास आधीं लांबी व मग तितक्या बाइटांचा मजकूर येतो. म्हणजे येथें रकाना पहिला, आणि त्याची लांबी पुढील बाइटांत सांगितल्याप्रमाणें ९.

ह्या नऊ बाइटांत काय आहे? पुन्हा १०, म्हणजे आंतील पहिला रकाना, लांबी २, आणि मजकूर ११८ व ४९, म्हणजे ‘व्ही’ हें अक्षर व १ हा आंकडा. हा आवृत्तीचा क्रमांक झाला. मग १८, ८ नें भागतां भागाकार २, बाकी २, म्हणून दुसरा रकाना, लांबी ३, आणि मजकूर ८०, १११, १००. हीं तीन अक्षरें मिळून ‘पॉड’ हा शब्द होतो. पॉड म्हणजे शेंग. शेंगेंत जसे दाणे एकत्र राहतात तशीं एकत्र चालावयाचीं कामें ज्यांत ठेवितात त्या क्युबरनेटीसमधील सर्वांत लहान घटकास हें नांव दिलें आहे. तेव्हां पंधरा बाइट वाचून आपणांस इतकें कळलें: ही नोंद क्युबरनेटीसची आहे, आवृत्ति पहिली, वर्ग पॉड.

येथें चौकस विद्यार्थी एक शंका काढील, व ती रास्त आहे. नमुन्यांत १० हा बाइट दोनदां आला. पहिल्या वेळीं त्याच्या पोटांत आणखी रकाने निघाले. दुसऱ्या वेळीं सरळ अक्षरें निघालीं. पोटांत रकाने आहेत कीं अक्षरें, हें बाइटांवरून कसें ओळखावें? उत्तर असें कीं, ओळखतां येत नाहीं. तर्क करतां येतो, आणि तर्कानें वाचणारीं साधनेंही आहेत. परंतु खात्रीनें वाचावयाचें तर गुणपत्रकाच्या माथ्याची पट्टीच हातीं पाहिजे. तसेंच, रकान्याचें नांवही बाइटांत कोठें नाहीं. फक्त क्रमांक आहे.

गिरमिटाचें काम

ऑगराचें महत्त्व येथें आहे. क्युबरनेटीसच्या मूळच्या सर्व वर्गांच्या नोंदींचीं शीर्षकें, म्हणजे त्या माथ्याच्या पट्ट्या, ह्या साधनानें आपल्या पोटांतच बाळगिल्या आहेत. तें आज एटसीडी प्रकल्पाच्या संग्रहांत सर्वांस मोफत उपलब्ध आहे.

तें चित्रांच्या खिडक्यांतून चालत नाहीं. पडद्यावर एका ओळींत आज्ञा टंकावयाची आणि उत्तरही ओळींनींच घ्यावयाचें, अशी त्याची पद्धत आहे. भांडाराचें स्वतःचें एक साधन आहे. त्यास पत्ता देऊन ‘आण’ अशी आज्ञा केली कीं तें सांकेतिक मजकूर आणून देतें. मग त्यापुढें एक उभी रेघ काढून ‘ऑगर डीकोड’ असें टंकावयाचें. ही उभी रेघ म्हणजे पाट समजावा. मोटेचें पाणी पाटांतून वाफ्यांत जातें तसा एका साधनाचा मजकूर दुसऱ्यांत जातो, आणि पडद्यावर ‘वर्ग: पॉड, नांव: अमुक, निर्माण झाल्याची वेळ: अमुक’ अशा सरळ ओळी उमटतात. माझ्या विद्यार्थ्यानें प्रथम नुसता मजकूर दाखविला, तेव्हां पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हें व मधूनच एखादा ओळखीचा शब्द एवढेंच दिसलें. दुसऱ्या क्षणीं, पाट जोडल्याबरोबर, तीच नोंद पाठ्यपुस्तकासारखी स्वच्छ झाली. नोंदींत तिळाएवढाही बदल झाला नव्हता. बदल झाला तो वाचणाऱ्यांत.

ह्या साधनाचे मुख्य उपयोग तीन. ‘डीकोड’ म्हणजे उलगडणें, तें वर पाहिलें. दुसरा ‘एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे उपसून काढणें. भांडाराची सगळी वही शेवटीं प्रत्येक यंत्रावर एका फायलींत असते. भांडार चालू असतां ती फाइल दुसऱ्यास उघडतां येऊं नये म्हणून तिला कुलूप असतें. परंतु भांडार थांबविलें असतां, किंवा फायलीची प्रत घेऊन, ऑगर सरळ तींतून नोंद काढूं शकतें. जुन्या नोंदी आवरून टाकीपर्यंत मागील आवृत्त्याही त्या फायलींत असतात. तिसरा उपयोग ‘एन्कोड’, म्हणजे वाचतां येणारा मजकूर पुन्हा सांकेतिक करणें. त्याविषयीं एक इशारा पुढें देणारच आहें.

असल्या साधनाची गरज रोज पडत नाहीं. नेहमीं नोंदी वाचून देणारा एक द्वारपाल असतो. त्यास एपीआय सर्व्हर म्हणतात. जें विचारावयाचें तें त्यासच विचारावें हा सरळ मार्ग. परंतु द्वारपालच उठेनासा झाला तर? त्याच्या ओळखपत्राची मुदत संपली, किंवा त्याची व्यवस्था कोणी चुकून बिघडविली, तर भांडारांत सर्व नोंदी शाबूत असूनही विचारणार कोणास? दुसरा प्रसंग याहून चमत्कारिक. एकाच वर्गांतील हजार नोंदींपैकीं एखादीच अशी बिघडते कीं ती द्वारपालास उलगडत नाहीं. आणि त्या एका नोंदीपायीं त्या सबंध वर्गाची यादी देण्याचें तो नाकारतो. एका नासक्या दाण्यासाठीं सारी कणगी बंद! अशा वेळीं बाजूनें जाऊन ती एकच नोंद काढून पाहणें हें खरें गिरमिटाचें काम आहे.

त्यास मर्यादाही आहेत. वापरणाऱ्यांनीं स्वतः नव्यानें निर्माण केलेल्या वर्गांच्या नोंदी क्युबरनेटीस अजूनही शीर्षकांसह साध्या अक्षरांतच ठेवितो. तेथें गिरमिटाची जरूर नाहीं. उलट ज्या नोंदी खऱ्या अर्थानें कुलूपबंद, म्हणजे गुप्तलेखनानें झांकलेल्या, आहेत त्यांत हें गिरमिट शिरत नाहीं.

दोन इशारे

पहिला इशारा लिहिण्याविषयीं. नोंद उलगडावी, तींत हवा तो फेरफार करावा, पुन्हा सांकेतिक करून भांडारांत ठेवून द्यावी, हें ह्या साधनानें शक्य आहे. परंतु द्वारपालाकडून गेलेली नोंद तो तपासून घेतो. रकाना चुकला, नियम मोडला, तर परत पाठवितो. बाजूनें भोंक पाडून आंत सरकविलेल्या नोंदीस ही तपासणी नाहीं. चूक झाल्यास ती राफ्टच्या नियमाप्रमाणें सर्व प्रतींत इमानें इतबारें उतरेल. कारण प्रती सांभाळणारे कारकून नोंद खरी आहे कीं खोटी हें पाहत नाहींत, ती बहुमतानें लिहिली गेली एवढेंच पाहतात. म्हणून जाणते लोक प्रथम सबंध भांडाराची प्रत काढून ठेवितात, आणि दुसरा उपाय उरला नाहीं तरच लेखणी उचलतात.

दुसरा इशारा पालकांनींही मनावर घ्यावा. सांकेतिक लिहिलेलें म्हणजे गुप्त, असा पुष्कळांचा समज असतो. तो खोटा आहे. क्युबरनेटीसमध्यें ‘सीक्रेट’, म्हणजे गुपित, ह्या नांवाचाच एक वर्ग आहे. त्यांत परवलीचे शब्द ठेवितात. ते माणसापुढें येतात तेव्हां ‘बेस चौसष्ट’ नांवाच्या संकेतांत असतात. तीन बाइटांचीं चार अक्षरें करण्याची ती एक साधी रीत आहे. आपल्या वरच्या वर्गांतील मुलगा ती एका तासांत शिकून उलगडूं लागेल. आणि भांडारांत तर, वेगळी व्यवस्था केली नसल्यास, तीं गुपितें कुलपावांचूनच पडलेलीं असतात. २०१७ सालापासून त्यांस खरें कुलूप घालण्याची सोय झाली आहे. परंतु ती मुद्दाम लावून घ्यावी लागते. ती लावली आहे कीं नाहीं हें गिरमिटानें तपासतां येतें. भोंक पाडून आंतील शब्द वाचतां आला, तर कुलूप नाहीं असें समजावें. हें ध्यानांत ठेवावें कीं गिरमिट सुतारापाशीं असतें तसें चोरापाशींही असतें. परवलीचा शब्द उलट्या अक्षरांनीं वहींत लिहून निश्चिंत होणाऱ्या आपल्या मुलांस हाच न्याय लागूं आहे.

तबकडीची अखेर

आतां राहिली ती तबकडी. तिच्यासाठीं ऑगराचा उपयोग नव्हता. कारण त्याच्या पोटांतील पट्ट्या दुसऱ्या भांडाराच्या. परंतु रीत तीच उपयोगी पडली. माथ्याची पट्टी शोधावयाची! वाळवींतून वांचलेलें त्या अंकाचें एक पान आमच्याजवळ होतें. माझ्या विद्यार्थ्यानें तें पान व तबकडींतील त्याच पानाची खिचडी शेजारीं ठेविली, आणि कोणत्या चिन्हाच्या जागीं कोणतें अक्षर हें एकेक करून मांडलें. संध्याकाळपर्यंत दोन रकान्यांचें एक कोष्टक तयार झालें. त्या कोष्टकानें सबंध अंक उलगडला, व त्यांत तो लेखही मिळाला. चार जोडाक्षरें मात्र त्या वांचलेल्या पानावर कोठेंच नव्हतीं. म्हणून लेखांतील कांहीं शब्द संशयित राहिले. संदर्भावरून ते भरून टाकण्याचा मोह मला झाला, हें कबूल करितों. परंतु लेख दुसऱ्याचा होता. त्या जागीं टिंबें दिलीं, आणि तशीच प्रत त्यांच्या कन्येस पाठविली. त्यांतील दोन शब्द वडिलांच्या नेहमींच्या बोलण्यांतले म्हणून त्यांनीं ओळखून कळविले. वाचणाऱ्याचें काम वाचणें. लिहिणाऱ्याच्या जागीं बसणें नव्हे. दानीएलानेंही राजापुढें जें लिहिलें होतें तेंच वाचलें. तें राजास सुखकारक नव्हतें, तरी त्यानें एक अक्षर गोड केलें नाहीं, आणि राजाच्या देणग्याही नको म्हणून सांगितलें.

ह्या सर्वांतून आपणांस घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ठेविणें निराळें आणि वाचतां येईल असें ठेविणें निराळें. एटसीडीच्या पांच प्रती असोत वा आमची एक तबकडी असो, प्रत शाबूत राहिली म्हणजे अर्थ शाबूत राहिला असें होत नाहीं. म्हणून ज्या ज्या वेळीं आपण कांहीं संक्षेपानें लिहितों, त्या त्या वेळीं उलगडण्याची किल्लीही त्याच्या शेजारीं ठेवावी. घरांतील जुन्या छायाचित्रांच्या मागें माणसांचीं नांवें आजच लिहावीं. आजोबा त्यांस ओळखतात तोंपर्यंतच तें काम सोपें आहे. हिशेबाच्या वहींतील खुणांचा अर्थ पहिल्या पानावर द्यावा. संगणकावरील मराठी लिखाण युनिकोडमध्येंच असूं द्यावें. आम्हीं तें कोष्टक छापून तबकडीबरोबर कपाटांत ठेविलें आहे, आणि त्याची दुसरी प्रत ग्रंथालयांत दिली आहे.

अभ्यास

विद्यार्थ्यांनीं पुढील सतरा बाइट स्वतः उलगडावे:

८ १७२ २ १८ १२ २२४ १६४ १८२ २२४ १६४ १९० २२४ १६४ १७९ २२४ १६४ १९०

पहिल्या भागासाठीं सूचना: ८ ला ८ नें भागतां भागाकार १ व बाकी ०, म्हणून पहिला रकाना, व त्यांत एक संख्या. मोठी संख्या लिहितांना १२८ किंवा त्याहून अधिक असलेला बाइट ‘पुढें आणखी आहे’ असें सुचवितो. म्हणून १७२ मधून १२८ वजा करावे; उरले ४४. पुढील २ ला १२८ नें गुणावें, आले २५६. दोहोंची बेरीज ३००.

दुसऱ्या भागासाठीं सूचना: बारा बाइटांचे तीन-तीनांचे चार गट करावे. प्रत्येक गटांतील तिसऱ्या बाइटांत २१७६ मिळविले असतां युनिकोडांतील अक्षराचा क्रमांक येतो. पहिलें अक्षर ह्या लेखांत वर आलेंच आहे. उरलेलीं ग्रंथालयांतील कोष्टकावरून शोधावीं. काना हें युनिकोडांत स्वतंत्र चिन्ह आहे हें विसरूं नये.

जो शब्द निघेल तो आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. मात्र पहिल्या रकान्यांतील ३०० म्हणजे मुलें, पुस्तकें, कीं झाडें, हें ह्या सतरा बाइटांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. तें ठरविणारी पट्टी मीं मुद्दामच दिलेली नाहीं. उत्तर घेऊन येणाऱ्यानें ती माझ्याकडे मागावी.